तू दिवा धर

(आपल्या शाळेच्या 1986च्या दहावीच्या तुकडीला चाळीस वर्षं झाल्यानिमित्त जानेवारी 2026मध्ये भरलेल्या मेळाव्यातील भाषण. बोललो ते बहुतेक तसंच ठेवलं आहे.)

व्यासपीठावर बसलेल्या आमच्या बाई, सर, मागच्या रांगेत बसून आजही गप्पा मारणारी आमची तुकडी आणि समोर सतरंजीवर बसलेली नववीची मुलं,

मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'शाळेची दुर्बीण : एक आठवण'. आयोजकांनी तो कौतुकाने दिला आहे. दुर्बीण मी केली, असं शाळेच्या अहवालात छापून आलेलं आहे. पण दुर्बिणीची खरी गोष्ट अहवालात नाही. ती मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेली नाही. दहा मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ घेईन, बाईंनी घंटा वाजवू नये.

सुरुवात हॅलेच्या धूमकेतूपासून करतो. मार्च 1986मध्ये हॅले पहाटे दिसत होता, आणि आम्ही पहाटे उठून इतिहासाच्या सनावळ्या घोकत होतो. परीक्षा संपली, निकाल लागला, हॅले गेला. तो आता 2061मध्ये येणार. आमच्यापैकी कुणी थांबणार असेल तर त्याने आम्हाला कळवावं. ही रुखरुख माझ्या मनात राहिली, आणि माझ्या बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राच्या मनातही राहिली. तो आज समोर बसलाय. नाव घेतलं तर उठून जाईल, म्हणून घेत नाही. पुढे मी डिप्लोमा करून एमआयडीसीत एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात लागलो. मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल गेज हेच माझं पोट. तो वायरिंगची कामं घेऊ लागला. दहावीला गणितात तो काठावर पास झाला होता आणि मी शाळेत दुसरा होतो. हे दोन तपशील लक्षात ठेवा, पुढे लागतील.

1996च्या दिवाळीत बाई मला मानपाडा रोडवर भाजीच्या गाडीपाशी भेटल्या. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मोठा धूमकेतू येतोय म्हणे, हेल-बॉप. मुलांना दाखवायला शाळेकडे काही नाही. तू कारखान्यात आहेस, बघ काही जमतं का." विकतची दुर्बीण शाळेला परवडणारी नव्हती. पण पुण्याच्या आयुकात आरसे घासण्याच्या कार्यशाळा होत असत, आणि तिथे जाऊन स्वतःच्या हाताने आरसा घासून आलेले एक गृहस्थ आमच्या ओळखीत होते. त्यांनी आम्हाला चार रविवार शिकवलं आणि त्यांच्या टिपणांच्या झेरॉक्स दिल्या.

नववीच्या मुलांसाठी थोडक्यात सांगतो. सारख्या मापाच्या दोन जाड काचेच्या चकत्या घ्यायच्या. आमच्या सहा इंची होत्या. मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून एकीवर दुसरी घासायची. वरची आपोआप खोलगट होत जाते, खालची फुगीर. पूड बारीक बारीक करत न्यायची. शेवटी राळेच्या थरावर सिरियम ऑक्साइड लावून चकाकी आणायची. आमच्या तळमजल्याच्या खोलीत तेलाचा पिंप पाण्याने भरून उभा केला, त्यावर काच बसवली आणि पिंपाभोवती फेऱ्या मारत घासायचं काम सुरू झालं. रोज संध्याकाळी सात ते दहा. शेजारच्या काकू दोन महिने विचारत होत्या, "अजून पीठ पडत नाही का रे?"

घासणं ही मेहनतीची गोष्ट आहे, ती कुणालाही जमते. खरा खेळ पुढे सुरू होतो. घासून जो खोलगटपणा येतो तो गोलाचा तुकडा असतो. दुर्बिणीला लागतो पॅराबोला, म्हणजे मध्यापासून कडेकडे जाताना गोलापेक्षा किंचित सपाट होत जाणारा आकार. किंचित म्हणजे किती? आमच्या आरशात मध्य जुळवून पाहिलं तर गोल आणि पॅराबोला यांच्यात कडेला फरक होता सुमारे 0.65 मायक्रॉन. माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण शंभरावा भाग. माझ्या कारखान्यातलं कुठलंही गेज हे मोजू शकत नव्हतं. आणि तरी हा फरक घरात, दाढीच्या ब्लेडने मोजता येतो. 1858-59च्या सुमारास पॅरिसच्या वेधशाळेत फूको नावाच्या माणसाने ही युक्ती काढली. तोच तो, लंबक टांगून पृथ्वी फिरते हे दाखवणारा.

युक्ती अशी. आपण दहावीला शिकलोय, बाई वर्गात तीन-तीनदा म्हणवून घ्यायच्या : अंतर्वक्र आरशाच्या वक्रताकेंद्रावर वस्तू ठेवली तर प्रतिमाही वक्रताकेंद्रावरच पडते. आमच्या आरशाचं वक्रताकेंद्र होतं 1829 मिलिमीटरवर, म्हणजे सहा फुटांवर. तिथे डब्यात बल्ब ठेवायचा, डब्याला बारीक फट. आरशावरून प्रकाश परत येऊन फटीच्या शेजारीच एकवटतो. तिथे डोळा लावला की आख्खा आरसा पौर्णिमेच्या चंद्रासारखा उजळलेला दिसतो. आता ब्लेडचं पातं हळूच आडवं आणून तो प्रकाश कापायचा. आरसा अचूक गोल असेल तर सगळा एकदम करडा होतो. पॅराबोला असेल तर मेदूवड्यासारखा दिसतो, मध्ये खड्डा आणि भोवती उंच कडं. मी प्रथम बघितलं तेव्हा हात लावून बघावासा वाटला, इतकं ते उठावदार दिसतं.

नुसतं बघून भागत नाही, आकडा लागतो. त्यासाठी आरशासमोर पुठ्ठा ठेवायचा, त्याला मध्यापासून वेगवेगळ्या अंतरावर खिडक्यांच्या जोड्या कापायच्या. एका जोडीच्या दोन्ही खिडक्या एकाच वेळी करड्या होतील अशी पात्याची जागा शोधायची आणि डायलवर वाचायची. मग दुसरी जोडी. कडेच्या खिडक्यांची जागा मधल्यांपेक्षा किती मागे आहे, त्यावरून आकार कळतो. किती मागे असायला हवी त्याचं सूत्र सोपं आहे : खिडकीच्या मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग, भागिले वक्रतात्रिज्या. आमची कडेची खिडकी मध्यापासून 70 मिलिमीटरवर होती. 70चा वर्ग 4900, भागिले 1829. उत्तर 2.68 मिलिमीटर. केसाच्या शंभराव्या भागाचा फरक पात्यापाशी येईपर्यंत मिलिमीटरात वाचता येतो, ही त्या फूकोची करामत.

हे 2.68 मी पिंपावर खडूने लिहिलं होतं. रोज संध्याकाळी घासायला उभं राहिलं की समोर तेच.

आता चुका. चुका कशा होतात हे माझ्या पेशामुळे मला चांगलं माहीत होतं, आणि त्या टाळायला मी किती जपलं हे थोडं सांगतो, कारण पुढची गंमत त्यातच आहे.

पहिला शत्रू उष्णता. घासून उठलेली काच गरम असते, तिचा आकार त्या वेळी खरा नसतो. आमची काच साधी होती, पायरेक्स नव्हे. साधी काच गरमीने पायरेक्सच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावते. आम्ही एकदा मुद्दाम आरशावर मिनिटभर बोट टेकवून ठेवलं आणि मग पात्यातून बघितलं. बोट होतं तिथे टेकाड उभं! हळूहळू दहा-पंधरा मिनिटांत ते विरलं. तेव्हापासून नियम केला की रात्री घासायचं, आणि मोजायचं पहाटे तीननंतर. पंखा बंद, दार बंद, पात्यापाशी बसणाऱ्याने आरशाच्या दिशेने श्वास सोडायचा नाही. पहाटे तीनचं आणखी एक कारण होतं. कल्याण-शीळ रस्त्यावरून ट्रक गेला की आरशातली सावली थरथरायची. तीन ते चार एवढा एकच तास मानपाड्यात जमीन स्वस्थ असायची.

दुसरा शत्रू आरशाचा स्टँड. आरसा दोन खुंट्यांवर उभा असतो, खुंट्या दाबल्या की काच वाकते. म्हणून प्रत्येक मोजणी आरसा पाव फेरी फिरवून चार वेळा. तिसरा शत्रू स्क्रूमधली ढिलाई. पातं नेहमी एकाच दिशेने आणायचं, पुढे गेलं तर पूर्ण मागे घेऊन पुन्हा यायचं. आणि चौथा शत्रू आपण स्वतः. किती यायला हवं हे ठाऊक असलं की डोळा तिथेच थांबतो. म्हणून मी पातं हलवायचो आणि "थांब" म्हणायचो, डायल माझा मित्र वाचायचा आणि वहीत लिहायचा. मोजणी संपेपर्यंत मला आकडा सांगायचा नाही. हा नियम मीच केला होता आणि त्याचा मला फार अभिमान होता.

एक अभिमान आणखी होता. झेरॉक्समधल्या टिपणात दिवा एका जागी पक्का होता आणि पातं तेवढं सरकायचं. मला ते बेंगरूळ वाटलं. मी कारखान्याच्या टूलरूममधल्या भंगारातून, परवानगी घेऊन, एक छान सरकपट्टी आणली आणि दिवा व पातं दोन्ही तिच्यावर एकत्र बसवलं. आता सगळं एकाच डायलवर, एकाच स्क्रूवर, तलम सरकणारं. असा टेस्टर आख्ख्या ठाणे जिल्ह्यात कुणाकडे नसेल, असं मी बोलूनही दाखवलं.

पहिल्या रात्री त्याने डायल वाचता वाचता मान वर केली. म्हणाला, "आता दिवापण सरकतोय. मग तो आकडा तोच कसा राहील?"

मी म्हटलं, "आकडा आरशाचा आहे, दिव्याचा नाही."

तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी टपरीवर चहा पिताना त्याने पुन्हा काढलं. म्हणाला, "हे बघ. दोन चहाचं बिल आहे. तू एकटाच देणार असशील तर पूर्ण बिल तुझ्या खिशातून. आपण दोघं देणार असू तर तुझ्या खिशातून निम्मं. आधी दिवा जागचा हलत नव्हता, तेव्हा सगळं बिल पात्याने भरलं. आता दोघं सरकतायत. मग डायलवर निम्मंच यायला पाहिजे ना?"

मित्रांनो, यापेक्षा सोपं आणि बरोबर स्पष्टीकरण मी नंतर कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. दिवा स्थिर असेल तर वर्ग भागिले वक्रतात्रिज्या. दिवा पात्याबरोबर सरकत असेल तर त्याच्या निम्मं. आमच्यासाठी 1.34. बाईंनी शिकवलेल्या सूत्रातूनच ते निघतं, वस्तू लांब नेली की प्रतिमा जवळ येते. कागदावर चार ओळींचं गणित होतं. मी ते केलं नाही. का केलं नाही? कारण विचारणारा गणितात काठावर पास झालेला होता. आणि बहुधा कारण सरकपट्टी मी आणली होती.

मी त्याला म्हणालो, "तू दिवा धर."

शब्दशः हेच. बल्बची वायर सैल झाली होती, ती धरायची होती, हे खरं. पण मी ते कशासाठी म्हणालो हे त्याला कळलं आणि मलाही. त्याने दिवा धरला. पुढे सगळ्या मोजण्या होईपर्यंत तो आला, वहीत आकडे लिहिले, आणि त्यानंतर त्याने एकही प्रश्न विचारला नाही.

फेब्रुवारी संपता संपता डायलवर 2.68 आलं. चार बाजूंनी, दहा-दहा वेळा, फरक दोन शतांश मिलिमीटरच्या आत. आमच्या कारखान्यात अशा मोजणीला आम्ही म्हणतो, गेज बोलतंय. मी सरासरी काढली, हिशोब केला आणि नळीवर पांढऱ्या रंगाने लिहिलं : 'अचूकता : प्रकाशलहरीचा दहावा भाग'. ते अक्षर अजून आहे, आज वर गच्चीवर बघाल.

टिपणात लिहिलं होतं की गोलापासून पॅराबोलापर्यंत यायला फार वेळ लागत नाही, जपून घासा. आम्हाला लागला त्याच्या दुप्पट वेळ. मी म्हटलं, आपली राळ कडक आहे.

हेल-बॉप आला आणि सगळ्यांनी तो बघितला. मार्च-एप्रिल 1997, रोज संध्याकाळी वायव्येला. गच्चीवर रांगा लागल्या. धूमकेतू मुळात धूसर असतो. आरसा कसाही असला तरी तो छान दिसतो. शाळेने माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. माझा मित्र त्या दिवशी कामावर होता.

खोट उघडी पडायला ग्रह लागले. 1998च्या दिवाळीनंतर गुरू आणि शनी दोन्ही संध्याकाळी वर होते. आम्ही मुलांना चित्रं काढायला वह्या दिल्या. सातवीतल्या एका मुलीने शनी काढला. गोळा आणि भोवती एक सलग कडं. पुस्तकातल्या चित्रात कड्यामध्ये एक बारीक काळी फट असते, कॅसिनीची फट. सहा इंची चांगल्या दुर्बिणीतून कड्याच्या दोन टोकांना ती दिसायला हवी. तिच्या चित्रात ती नव्हती. मी तिला म्हटलं, "नीट बघ, फट आहे तिथे." तिने पुन्हा डोळा लावला. बराच वेळ बघितलं. मग खाली बसून पेन्सिलीने फट काढली.

पहिल्या चित्रात तिने जे दिसत होतं तेच काढलं होतं. स्वतःच्या डोळ्यावर विश्वास नको म्हणून डायल मित्राला वाचायला देणारा मी, तिला मात्र आकडा आधीच सांगून मोकळा झालो. तिचं नाव मला आठवत नाही. हे मला जास्त टोचतं.

इतरही कुणी म्हणालं की जरा फुगल्यासारखं दिसतंय, तर माझं उत्तर तयार होतं : डोंबिवलीची हवा. एमआयडीसीचा धूर, खाडीचं बाष्प, तापलेल्या स्लॅबची गरमी. यातलं एकही खोटं नव्हतं, म्हणून ते कारण इतकं टिकलं.

जानेवारी 2000मध्ये मी दुर्बीण घेऊन वांगणीला गेलो. खगोल मंडळाची तिथे रात्रभराची आकाशदर्शनं होत. कर्जत लोकलमध्ये नळी उभी धरून गेलो होतो. शेजारी एका कॉलेजच्या मुलाची सहा इंचीच दुर्बीण होती, त्याने स्वतः घासलेली. नळी पुठ्ठ्याची, स्टँड प्लायवूडचा, एकूण अवतार बघण्यासारखा. त्याच्यातून शनी बघितला. फट सुरीने कापल्यासारखी. माझ्यातून बघितला. लोणी लावल्यासारखा. आकाश तेच, रात्र तीच, हवा तीच. तो मुलगा फार सभ्य होता. तो म्हणाला, "काका, एक तारा घेऊ आणि फोकसच्या आत-बाहेर करून बघू." चांगल्या आरशात तारा फोकसच्या थोडा आत आणि थोडा बाहेर नेला की दोन्हीकडे सारख्या वर्तुळांची तबकडी दिसते. माझ्या आरशात दोन बाजूंना दोन निराळी चित्रं होती. आरसे निवून तीन तास झाले होते, गरमीचा बहाणाही नव्हता. हे बघायला काही लागत नाही, एक तारा आणि दोन मिनिटं. तीन वर्षांत मी एकदाही केलं नव्हतं. माझ्याकडे डायल होतं ना.

परतीच्या लोकलमध्ये, बदलापूरच्या आसपास, मला चहाचं बिल आठवलं.

घरी येऊन चार ओळींचं गणित केलं. पाच मिनिटं लागली. आमच्या आरशात जेवढी दुरुस्ती हवी होती त्याच्या बरोबर दुप्पट झाली होती. कडा हवी त्यापेक्षा सपाट. लहरीचा दहावा भाग कसला, चूक अर्ध्या लहरीपेक्षा मोठी होती. पाव लहरीपर्यंत चालतं असं मानतात.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल, आम्ही विशीत होतो तेव्हा, एप्रिल 1990मध्ये, अमेरिकेने हबल दुर्बीण अवकाशात सोडली आणि दोन महिन्यांत कळलं की तिला धूसर दिसतंय. 'अमेरिकेला चष्मा लागला' म्हणून आम्ही नाक्यावर हसलो होतो. त्या रात्री मी हबलची हकिगत पुन्हा काढून वाचली. तिचा 2.4 मीटरचा आरसा कमालीचा गुळगुळीत होता, चुकीच्या आकारात कमालीचा अचूक. त्याची चाचणी घेणाऱ्या उपकरणातलं एक भिंग 1.3 मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. अंतर मोजायच्या दांडीच्या टोपणावरचा काळा रंग थोडा उडाला होता, आणि प्रकाश दांडीच्या टोकाऐवजी त्या टोपणावरून परतला. परिणाम : कडा 2.2 मायक्रॉन जास्त सपाट. आमच्यासारखीच, कडा जास्त सपाट! आणि ज्यावर मी बराच वेळ थांबलो ते असं : दुसऱ्या, साध्या उपकरणांनी घेतलेल्या चाचण्यांत चूक दिसली होती. ती उपकरणं कमी अचूक म्हणून त्यांचं म्हणणं बाजूला ठेवलं गेलं. आख्खी दुर्बीण एकत्र जुळवून जमिनीवर तपासलीच नाही, खर्च फार होता. डिसेंबर 1993मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन ती दुरुस्त केली.

त्यांच्याकडे निदान चौकशी समिती बसली. अहवाल निघाला, चूक कुठे झाली ते जगाला छापून सांगितलं. मी काय केलं ते आता सांगतो.

मी बाईंना म्हणालो की आरशाचा ॲल्युमिनियमचा मुलामा खराब झालाय, पुन्हा द्यावा लागेल, महिनाभर दुर्बीण नेतो. बाई, तुम्ही म्हणालात, "किती करतोस रे शाळेसाठी." घरी नेऊन मुलामा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उतरवला. पुन्हा राळ पाडली, आरसा आधी गोलाकडे मागे आणला आणि मग पॅराबोलाकडे निघून 1.34वर थांबलो. सगळं एकट्याने. डायल मीच वाचलं, पण या वेळी मुलामा देण्याआधी तसाच काचेचा आरसा नळीत बसवून ताऱ्यावर तपासला, तेव्हा त्यावर विश्वास ठेवला. दोन्ही बाजूंची तबकडी सारखी आली. मग मुलामा दिला, दुर्बीण परत आणली, आणि फट दिसायला लागली. मुलांना वाटलं, हवा सुधारली.

मित्राला मी काही सांगितलं नाही. सुरुवातीला लाज होती, मग वेळ निघून गेली, मग त्याच्या मुलीचं लग्न, माझी बायपास, कोविड, असं चालत राहिलं. दर गणपतीला तो घरी येतो. दिवाळीच्या माळा तोच लावून देतो. दुर्बिणीचा विषय निघाला की तो म्हणतो, "ह्यानेच केली, मी नुसता दिवा धरायचो." पाहुणे हसतात. मीही हसत आलोय.

तर हे इथे, माईकवर, सगळ्यांसमोर सांगतो. 1997 सालच्या जानेवारीत, मानपाडा रोडच्या टपरीवर तू म्हणालास ते बरोबर होतं. आकडा निम्माच यायला हवा होता. तीन वर्षं शाळेच्या मुलांनी धूसर शनी बघितला तो माझ्यामुळे. आणि बाई, मुलामा खराब झाला नव्हता.

ती मोजणीची वही मी जपली आहे. अक्षर त्याचं आहे. पहिल्या रात्रीच्या पानावर, आकड्यांच्या खाली कोपऱ्यात, त्याने पेन्सिलीने '÷2 ?' लिहून ठेवलेलं आहे. ते मी वांगणीहून आल्यावर प्रथम बघितलं. वही आज शाळेकडे देतो आहे, प्रयोगशाळेत ठेवा.

आता वर जायचंय. नळी तासाभरापूर्वीच गच्चीवर नेऊन ठेवली आहे, आरसा निवला असेल. गुरू या महिन्यात अगदी समोर आहे, पट्टे आणि चारही चंद्र बघायला मिळतील. शनी पश्चिमेला खाली आहे, तो आधी दाखवू, नंतर मावळेल. नववीच्या मुलांना एक सांगतो : या वर्षी शनीची कडी आपल्या दिशेने जवळपास आडवी आहेत, सुईसारखी रेघ दिसेल. फट कितीही चांगल्या आरशातून दिसणार नाही. कुणी मोठ्या माणसाने आहे म्हणून सांगितलं तरी वहीत काढू नका.

गच्चीचा जिना अरुंद आहे आणि वरचा बल्ब गेलाय. बायकांनी, गुडघेवाल्यांनी सावकाश या. नळीला हात लावू नका. बाई, तुम्ही पहिल्या. तुमच्या मागे माझा मित्र, आज फोकस तो लावणार आहे.

टॉर्च मी धरतो.